जोड लागली पाहिजे

जत्रेतल्या कुस्त्यांत सगळ्यांत अवघड काम पंचाचं नसतं, जोड लावणाऱ्याचं असतं. पौषी पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, आणि तिथून पुढं राब भाजून पाऊस तोंडावर येईपर्यंत शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गावच्या देवाच्या नावानं आखाडा उकरला जातो. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या. त्यांची जोड चटकन लागते, कारण दहा वर्षांची पोरं हलगी वाजली की कुणाशीही भिडतात. इनामाचा आकडा चढत जातो तसा जोड लावणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटू लागतो. शेवटच्या कुस्तीला एखादा आडदांड गडी लांग कसून, अंगाला माती फासून हौद्याभोवती फेरी मारतो, हात वर करतो, शड्डू ठोकतो, आणि समोर कुणीच उतरत नाही. बाहेर बसलेले म्हातारे तेव्हा ‘जिंकला’ म्हणत नाहीत. ‘जोड लागली नाही’ म्हणतात, आणि धोतर झाडत उठतात.

वजनदार मल्लांच्या चुरशीची आणि वारशाची पुढं जी चर्चा करायची आहे तिचं सगळं सार त्या म्हाताऱ्यांच्या तीन शब्दांत आहे. मराठीत जोड म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धी, आणि जोड म्हणजे बरोबरीचाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण आखाड्यात ते दोन नाहीतच. बरोबरीचा नसेल तो प्रतिस्पर्धी कसला? माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या वजनाचा मल्ल किंवा मुष्टियोद्धा एकट्यानं मोठा होत नाही. त्याची उंची समोरच्यावरून मोजली जाते. आणि त्याचा वारसा मोजायचा तर त्यानं किती जणांना अस्मान दाखवलं हे मोजून भागत नाही. त्याच्यामागं एकमेकांना पुरून उरतील असे किती मल्ल तयार झाले, हे पाहावं लागतं. पदक, पट्टा, गदा या त्या मोजणीतल्या खुणा आहेत, मोजणी नव्हे.

वजनदार गटच का घ्यायचा, हा प्रश्न आधी निकालात काढू. हलक्या गटातला मुष्टियोद्धा हरला तर ‘वरच्या गटात गेला असता तर’ अशी पळवाट उरते. वरच्या गटाला वर गटच नाही. मुष्टियुद्धात तिथं वजनाला कमाल मर्यादा नाही, म्हणून सबबीलाही जागा नाही, आणि लोकांच्या मनात ‘जगात सगळ्यांत ताकदवान कोण’ या बाळबोध प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळतं. महंमद अली आणि जो फ्रेझर ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोरासमोर आले तेव्हा दोघंही अपराजित होते. फ्रेझरच्या डाव्या ठोशानं पंधराव्या फेरीत अली खाली बसला आणि व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार घेऊन घरी गेला. १९७४ मध्ये अलीनं परतफेड केली, आणि १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरच्या गुरूनं, एडी फच यांनी, डोळे सुजून बंद झालेल्या आपल्या शिष्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिलं नाही. हिशेब अलीच्या बाजूनं २-१. पण अलीच्या चरित्रातून फ्रेझरची पानं फाडून पाहा: गप्पिष्ट, देखणा, चपळ माणूस उरतो, ज्याच्या सोसण्याची जगानं साक्ष काढली तो अली उरत नाही. त्याला त्या उंचीवर नेऊन ठेवणारा हात फ्रेझरचा होता, आणि तो ठोसा मारता मारताच नेत होता.

उलटी बाजूही पाहायला हवी. लॅरी होम्स एकेकाळी अलीचा सरावातला भिडू. १९७८ मध्ये त्यानं केन नॉर्टनकडून किताब घेतला, पुढं सात वर्षं राखला, १९८० मध्ये थकलेल्या अलीलाही हरवलं. सलग ४८ लढती जिंकला. त्याचा सरळ डावा ठोसा जाणकार आजही सर्वोत्तमांत धरतात. तरी सामान्य माणसाला अलीनंतर थेट माइक टायसन आठवतो; मधली होम्सची वर्षं जणू गाळलेली. क्लिच्को बंधूंचंही तेच. धाकट्या व्लादिमिरनं २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षं किताब सोडला नाही. त्याच्या काळात त्याच्या तोडीचा एकच माणूस होता, थोरला भाऊ वितालि, आणि आईला शब्द दिलेला असल्यामुळं दोघं कधी भिडले नाहीत. आईचा शब्द मोठाच. पण त्यापायी जगातली एकमेव खरी जोड घरातल्या घरात राहून गेली. दोघांचं कसब वादातीत आहे, मात्र त्यांच्या नावानं अंगावर काटा येतो असं कुणी म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग जे कधी हरलेच नाहीत त्यांचं काय? रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला. आपल्याकडं गामा पैलवानाचं नाव अजिंक्य म्हणूनच घेतलं जातं. आक्षेप वजनदार आहे, पण तपशिलात शिरलं की हलका होतो. मार्सियानोचा ४९ हा आकडा कुणी नाकारत नाही, तरी त्याच्या थोरवीचा वाद सत्तर वर्षांनंतरही मिटत नाही, आणि तो का मिटत नाही हे पाहण्यासारखं आहे. लोक विचारतात ते हेच, की समोर कोण होतं? १९५१ मध्ये त्यानं ज्या जो लुईला हरवलं तो लुई उतारावरचा होता. गामाची गोष्ट तर माझ्याच बाजूनं साक्ष देते. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला स्टॅनिस्लॉस झिबिस्कोबरोबरची त्याची कुस्ती अडीच तासांवर चालून निकालाविना सुटली. आठवड्यानं पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को फिरकलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा लढले आणि गामानं मिनिटभराच्या आत निकाल लावला. त्या मिनिटाला किंमत आली ती आधीच्या अडीच तासांमुळं. देशात त्याची जोड होती रहीम सुलतानीवाला, उंचापुरा, वयानं थोर, आणि कुस्ती पुन:पुन्हा बरोबरीत सोडवणारा. रहीम नसता तर गामा बलवान म्हणून गाजला असता. गामा म्हणून गाजला असता का, याची मला शंका आहे.

आता घरात येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं ते हजारोंना एकच कुस्ती नीट दिसावी म्हणून. तालमी पोसणं आणि बाहेरचे मल्ल आणून आपल्या पोरांसमोर उभे करणं ही एकाच धोरणाची दोन अंगं होती. दुसऱ्या अंगावाचून पहिलं निव्वळ खुराकाचा खर्च ठरलं असतं. त्या मातीतून स्वातंत्र्यानंतरची पिढी आली. सीमेवरच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर, आणि १९६४ मध्ये कवठेपिरानचे मारुती माने. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि माने दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदकं आणली. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये उभी केलेली कुस्तीगीर परिषद १९६१ पासून महाराष्ट्र केसरी भरवू लागली. पहिली मानाची कुस्ती दिनकर दह्यारींनी मारली. तेव्हापासूनची यादी चाळली तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे यांचीच वर्दळ दिसते.

त्या यादीत माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत चांगला पुरावा १९६९ सालचा आहे: लातूर भागातले हरिश्चंद्र बिराजदार. पुढच्या वर्षी त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पण जुन्या कुस्तीशौकिनांसमोर नाव काढलं की ते पदकाबद्दल बोलत नाहीत, सतपालबद्दल बोलतात. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल महाराष्ट्रात येऊन मैदानं मारत होता. युवराज पाटील, दादू चौगुले, बिराजदार या साऱ्यांची मापं त्याच्या अंगावर घेतली गेली, आणि बिराजदारांनी त्याला हरवलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं फेटे उडवले. आपण गोष्ट तिथंच संपवतो. ती तिथं संपत नाही. हरलेला सतपाल १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर किलो गटाचं सुवर्ण जिंकला, मग छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवू लागला, आणि त्याच्या हाताखालून सुशीलकुमार व योगेश्वर दत्त ऑलिंपिकच्या पदकमंचावर चढले. जिंकलेले बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखालून काका पवार निघाले, राहुल आवारे निघाला. त्या एका कुस्तीचा निकाल चितपट होता, वारशाचा निकाल मात्र अजून लागायचा आहे, आणि ऑलिंपिकचं माप लावलं तर तूर्तास पारडं आपल्याकडं झुकत नाही, हे कबूल करायला हरकत नसावी. आपल्या मनाला ‘कोणी कोणाला पाडलं’ याची एवढी गोडी लागली की ‘कोणी कोणाला घडवलं’ हा हिशेब दिल्लीवाले आपल्या डोळ्यांदेखत करून गेले.

रक्ताचा वारसाही असतो. मोतीबाग तालमीत आंदळकरांच्या नजरेखाली घडलेल्या दादू चौगुलेंनी १९७० आणि ७१ ची गदा घेतली, आणि त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. गोष्ट गोड आहे, पण तिच्या पुढची ओळ विसरू नये: त्यानंतर कोल्हापूरला गदेची वाट पाहावी लागली ती २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला हरवेपर्यंत. खासबाग तिथंच होतं, तालमी होत्या, दूधही होतं. आटली होती ती जोड; चांगली पोरं पुण्याकडं सरकली होती, कारण सरावाला बरोबरीचे गडी तिथं होते.

पुण्यात काय घडत होतं ते ७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीत दिसलं. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचेच शिष्य. वस्ताद कोणाच्या बाजूनं ओरडणार? सदगीर ३-२ असा निसटता जिंकला आणि हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेऊन फिरला. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला पुन्हा तेच: शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, एकाच तालमीतले. एका तालमीनं राज्यातली पहिली दोन माणसं दोनदा द्यावीत हा योगायोग नव्हे. तिथं रोज पहाटे जी जोड लागते ती राज्यातल्या अंतिम लढतीच्या तोलाची असते, एवढाच त्याचा अर्थ. शहापूरकरांनी सदगीरच्या गावाकडं जरा जास्त लक्ष द्यावं. तो अकोले तालुक्यातला. शहापूरच्या पूर्वेला जी कड्यांची भिंत दिसते तिच्या डोक्यावर अकोले आहे. पाऊस तोच, भात तोच, डोंगरही तोच. त्या मुलाला ताकद डोंगरानंच दिली होती. जोडीसाठी मात्र घर सोडून, जिथं ती मिळेल तिथं, जावं लागलं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. चुरस माणसाला घडवते म्हणता, पण ती बिघडवत नाही काय? जानेवारी २०२३ मध्ये सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला, खांदे टेकले की नाही यावरून चिडून राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. अंतिम लढतीत गायकवाडही अर्ध्यातून मैदान सोडून गेला, त्यालाही तेवढीच शिक्षा. हे समर्थनीय नाही. पण नीट पाहिलं तर या सगळ्यात मल्लाचा राग समोरच्या मल्लावर नव्हता, निवाड्यावर होता. जोडीवर विश्वास होता, जोड मोजणाऱ्यावर नव्हता. सिकंदरनं तर आपलं उत्तर २०२३ च्याच नोव्हेंबरात फुलगावच्या मैदानात दिलं: राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करून गदा उचलली. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेनं धाराशिवला भरवलेल्या महाराष्ट्र केसरीत राक्षे जिंकला! एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. मुष्टियुद्धाच्या जगाला हे दुखणं जुनंच आहे. तिथं चार संघटनांचे चार पट्टे, त्यामुळं ‘जगज्जेता’ हा शब्द अनेकवचनी झालेला. १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर निर्विवाद विजेता मिळायला १८ मे २०२४ उजाडला, तेव्हा युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकनं रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवलं. संघटना वाढल्या की जोड फुटते. जो तो आपल्यापुरता राजा. चुरशीनं खेळ बिघडतो असं म्हणणाऱ्यांनी हा पाव शतकाचा दुष्काळ आठवावा. खेळ सडतो तो चुरस टाळल्यानं. आपल्याकडच्या नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेल्या, कुस्तीला लोक शिव्या घालतात त्याचं कारणही हेच: तिथं दोन माणसं असतात, जोड नसते.

तिसरी हरकत शहापूर-मुरबाडच्या वाचकाच्या ओठांवर असेल, आणि ती सगळ्यांत खरी आहे. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. एवढं अंग कमवायचं तर वर्षानुवर्षं दूध, तूप, बदाम, अंडी, मटण हवं, आणि त्या काळात कमाईची अपेक्षा नको. उसाच्या आणि म्हशींच्या मुलखात ते जमलं. साखर कारखान्यांनी मल्लांना मानधनं दिली, मैदानं भरवली. इकडं एका पावसाळ्याचा भात, त्यानंतर कित्येक कातकरी-ठाकूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर पांगतात. भातसा, तानसा, वैतरणा मुंबईची तहान भागवतात आणि धरणाकडेच्या पाड्यावर हंडे रांगेत असतात. अशा ठिकाणी शंभर किलोचा मल्ल का नाही, हा प्रश्न कुस्तीचा राहत नाही, ताटाचा होतो. वजनदार मल्ल ही शरीराइतकीच अर्थव्यवस्थेची पैदास असते, हे मला पूर्ण मान्य आहे. इतकंच नव्हे, तर खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते ५७ किलो गटात. मोठ्या अंगाच्या नादात आपण त्या लहानखुऱ्या माणसाला हयातीत फार काही दिलं नाही, याची लाज सगळ्या महाराष्ट्रानं वाटून घ्यावी.

पण या हरकतीतून ‘म्हणून आपलं काम नाही’ असा जो निष्कर्ष काढतात, तो मला पटत नाही. ताट हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं पुन्हा जोडच. जत्रेचा आखाडा वर्षातून एकदा उकरला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गुरं फिरतात. म्हशाच्या यात्रेत बैलाची पारख करायला माणूस दोन दिवस घालवतो, दात मोजतो, वशिंड दाबून पाहतो. त्याच गावात चमकलेल्या पोराला पुढचा बरोबरीचा गडी भेटतो तो पुढच्या जत्रेला. बारा महिन्यांत एक जोड. या हिशेबानं बिराजदारसुद्धा घडला नसता. हलक्या वजनाचं पोर असो की भारी, त्याला खुराकाइतकीच रोजची झटापट लागते, आणि झटापटीला दुसरा लागतो. कुस्तीच्या गाद्या, मातीत मिसळायचं तेल-ताक-हळद, एक जाणता वस्ताद यांचा खर्च एका मोठ्या जत्रेच्या इनामांपेक्षा फार मोठा नाही. एका मोठ्या कुस्तीच्या इनामाची रक्कम कापून पाच पोरांच्या वर्षभराच्या सरावाला लावा असं कुठल्या यात्रा कमिटीला सुचवून पाहावं. विरोध होईल, आणि तो विरोध करणारे बहुधा तेच असतील जे शेवटच्या कुस्तीला जोड लागली नाही म्हणून हळहळत उठले होते.

जवळचं उदाहरण नाही असंही नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. खुल्या मानाच्या त्या गदेसाठी अंतिम फेरीत दोन मुली उभ्या राहिल्या: सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील. कल्याण म्हणजे मुरबाडचा शेजारचा तालुका, आठवड्याच्या बाजारहाटाचा. प्रतीक्षा जिंकली, इतिहासात पहिलं नाव तिचं लागलं, आणि ते रास्तच आहे. पण २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेसाठी, हरियाणाच्या मुलींची जिथं जवळपास मक्तेदारी असते त्या भारतीय संघात, ६५ किलो गटात नाव आलं ते सांगलीत हरलेल्या वैष्णवीचं. आता शहापूर-मुरबाडमधली एखादी मुलगी तिचं नाव ऐकून तालीम शोधू लागेल. जत्रेच्या दिवशी तिला टाळ्या मिळतील, फेटाही मिळेल. प्रश्न श्रावणातल्या एखाद्या पहाटेचा आहे, जेव्हा हलगी नसते, इनाम नसतं, बाहेर चिखल असतो आणि तिच्यासमोर त्याच वजनाची, तेवढीच हट्टी दुसरी मुलगी उभी असायला हवी.